फुलपाखरं खाली उतरली तेव्हा

मी एकतीस वर्षं उताणं पडून पगार घेतला. यात अतिशयोक्ती नाही. एका संशोधन संस्थेच्या कीटक विभागात मी क्षेत्र सहायक होते, आणि माझं मुख्य काम होतं सतरंजीवर पाठ टेकायची, दुर्बीण सरळ वर रोखायची आणि डोक्यावरून जाणारी फुलपाखरं मोजायची. नारायण पेठेत आमच्या शेजारणीला मी हे एकदा नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अच्छा. आणि ऑफिसात काय करता?"

या अंकाच्या संपादकांना फुलपाखरांवर काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बसले. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा कागद फाडले. या कामाचं नाव काढलं की मला एकच दुपार आठवते, आणि ती हलकीफुलकी नाही. सुदाम कोंडे नावाचा माणूस त्या दुपारी आकाशात होता आणि त्याला वेळेवर खाली बोलावणं एवढंच माझ्याकडे होतं. ते मी केलं नाही. का केलं नाही, हे कळायला आधी आमचं काम समजून घ्यावं लागेल, तेव्हा थोडी कळ काढा.

पाऊस सरत आला की पुण्याच्या आसपासच्या डोंगरांवरून ब्लू टायगर नावाची फुलपाखरं जाताना दिसतात. काळे पंख, त्यावर फिकट निळे पट्टे आणि ठिपके. सोबत काही तपकिरी जातभाई असतात. सगळी साधारण पश्चिमेकडे, दक्षिणेकडे चाललेली. नेमकी कुठून निघतात आणि कुठे पोचतात, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही. जो सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

एका फुलपाखराचं वजन म्हणाल तर चिमूटभर साखरेइतकं. या जिवानं पंख मारत एवढी मजल मारायची म्हटली तर वाटेतच त्याच्या पोटातली चरबी संपेल. म्हणून ते वारा वापरतं. वारा तोंडावर आला तर जमिनीलगत, कुंपणांच्या आडोशानं जातं, कारण खाली वाऱ्याचा जोर कमी असतो. वारा पाठीशी असेल तर वर जातं. वर जायलाही ते कष्ट करत नाही. दुपारी तापलेल्या खडकावरून गरम हवेचा फुगवटा सुटतो, पातेल्यात पाणी उकळताना तळातून बुडबुडा सुटतो तसा. त्याला थर्मल म्हणतात. फुलपाखरू त्यात शिरतं, पंख किंचित वर उचलून स्थिर धरतं आणि गोल गोल फिरत, एकदाही पंख न मारता, उंच जातं. मग वरून हव्या त्या दिशेला घसरत पुढचा थर्मल गाठतं. घारीही हेच करतात, पण घारीला कोणी थांबून बघत नाही.

आमची मोजणी दहा मिनिटांची. दुर्बीण स्टँडला बांधलेली, तिच्या गोलातून दिसतं तेवढंच आपलं आकाश. दहा मिनिटं डोळा काढायचा नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही. घड्याळ दर मिनिटाला टिक वाजवतं आणि आपण पोटावरच्या पॅडवर, न बघता, एकेका चौकोनात आकडा लिहायचा. हे नियम लिमये सरांचे. सर आमचे विभागप्रमुख, शर्टाच्या खिशात चार रंगांची पेनं आणि जिभेवर कायम थोडं तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "बाई, फुलपाखरू आलं नाही तर शून्य लिहायचं. रिकामा चौकोन हा तुमचा आळस असतो, शून्य हे निरीक्षण असतं." मोजणी अर्धवट सोडली तर तो कागद ते आमच्या समोर फाडत.

माझा दोनदा फाडला. एकदा मुंग्या चावल्या म्हणून उठले होते. दुसऱ्यांदा सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या गच्चीवर. सातव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पापड वाळत घालायला आले आणि माझ्या डोक्याशी उभं राहून म्हणाले, "अहो, आपण ठीक आहात ना?" मी नियमाप्रमाणे गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा गप्प. मग त्यांनी खाली जाऊन डॉक्टर आणला. दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली होती: 'गच्चीवर उताणे पडू नये. पडल्यास अधूनमधून हालचाल करावी.' सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि कागद फाडला.

त्यानंतर मी एकही मोजणी सोडली नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. ऊन, मुंग्या, गुराखी, बघे, कोणीही येवो, बाई दहा मिनिटं हलायच्या नाहीत. विभागात नवीन येणाऱ्यांना सर माझं उदाहरण द्यायचे.

सुदाम आम्हाला डोंगरावर सापडला. म्हणजे तोच आकाशातून आमच्याकडे आला. शहराच्या दक्षिणेला, घाटाच्या अंगाला, एक डोंगर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर सुट्टीच्या दिवशी सगळं पुणं तिथे वडापाव खायला जाईल. गाव आता महापालिकेत गेलंय. कोंड्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. सुदामच्या भावांनी गाड्या घेतल्या, सुदामनं पॅराग्लायडर घेतला आणि कामशेतकडे जाऊन उडायला शिकून आला. गावात त्याला वेड्यात काढायचे. मी मोजणी संपवून उठत होते तर माझ्यापासून वीस पावलांवर हा उतरला, दोऱ्या गोळा करत जवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पाखरं मोजताय न्हवं? वर लई हायेत. तुम्हाला खालून निम्मी बी दिसत नसत्याल."

हेच तर आमचं दुखणं होतं. खालून शंभरेक मीटरच्या वरचं धड दिसत नाही. ती किती उंच जातात, थर्मल कुठे सोडतात, हे कळायला वर माणूस हवा होता. आता तो समोर उभा होता, चाळिशीचा, काळाभोर, दात पांढरेशुभ्र. सर त्याला भेटले, दहा मिनिटं बोलले आणि मला म्हणाले, "याला हवेतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. कागदोपत्री 'स्थानिक मार्गदर्शक' लिहा." किती उंचीवरचा स्थानिक, हे कागदावर विचारत नाहीत.

तीन हंगाम आम्ही असं काम केलं. सुदाम डोंगराच्या पश्चिम उतारावरून उडायचा, थर्मल शोधायचा आणि फुलपाखरांच्या बरोबरीनं गोल फिरत वर जायचा. त्याच्या बोटात नामजपासाठी मिळतं ते मोजणीचं बटण असायचं. दिसलं फुलपाखरू की दाबलं. छातीवर उंची दाखवणारं यंत्र. थर्मल हुकला तर तो फुलपाखरं कुठे गोल फिरतायत ते बघून तिकडे जायचा. म्हणायचा, "बाई, माझ्या मशीनपेक्षा ही खरी." मी खाली, उताराच्या माथ्याजवळ, सतरंजीवर. मध्ये वॉकीटॉकी. आणि त्याची बायको शोभा डोंगराच्या पायथ्याला शेतात पिकअप घेऊन उभी. तिला हे उडणं मुळीच पसंत नव्हतं. "त्यो वर हाय तवर मी गाडी बंद करीत न्हाई," असं ती म्हणायची, आणि खरंच करायची नाही. तासभर इंजिन चालू.

आमचा एक करार होता. तो सुदामनंच ठरवला. "वर गेलं की मानसाला हाव सुटती, बाई," तो म्हणाला. "आजून थोडं, आजून थोडं व्हतं. म्हणून माझं ऐकायचं न्हाई. तुम्ही उतर म्हनला की मी उतरनार. इचारनार बी न्हाई." डोंगराची धार आमच्या पूर्वेला, पाठीशी. ऑक्टोबरात दुपारी पूर्वेला गडगडाटी ढग वाढतात. ढग लांब असला तरी त्याच्या पोटातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवरून पुढे धावत येते. ती धारेवरून अलीकडे आली की पश्चिम उतारावरची हवा घुसळून निघते आणि तिथे जो उडत असेल त्याचं काही खरं नसतं. म्हणून प्रत्येक मोजणीआधी मी धारेवर चढून पूर्वेकडे बघायचं, आणि शंका आली की त्याला उतरवायचं. ही जबाबदारी माझी. तीन हंगामांत मी त्याला किमान वीस वेळा उतरवलं असेल. त्यानं एकदाही का म्हणून विचारलं नाही.

ती दुपार सहा वर्षांपूर्वीची. दसरा होऊन गेला होता. उन्हानं खडक पोळत होते, वारा नावाला. सुदाम दीडच्या सुमाराला उडाला आणि पहिल्याच थर्मलला फुलपाखरांचा मोठा थवा लागला. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज खुशीत होता. "बाई, आज जत्रा हाय नुसती." पहिली मोजणी उत्तम झाली. दुसरीआधी मी धारेवर गेले. सासवडच्या अंगाला ढग होते, पांढरे, वर फुगलेले, बुडाशी काळसर. रोजचेच. अंतर बरंच होतं. दहा मिनिटांत काय होतंय, असं वाटलं आणि मी खाली येऊन आडवी झाले.

पहिल्या मिनिटाला चौदा. दुसऱ्याला सोळा. सगळी पंख स्थिर धरून, गोल फिरत. तिसऱ्याला नऊ. चौथ्याला तीन, आणि ही तीन गोल फिरत नव्हती, तिरकी खाली येत होती. पाचव्याला शून्य.

सावली आली की असं होतं. ढगानं ऊन झाकलं की थर्मल मरतो आणि फुलपाखरं खाली बसतात, त्यात काही विशेष नाही. पण माझे हात उन्हात भाजत होते. ऊन होतं आणि फुलपाखरं नव्हती. तीन हंगामांत मी असं पाहिलं नव्हतं.

मला भीती वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. मला आनंद झाला. सर काय म्हणतील, हे मनात आलं. भर उन्हात, सुरू असलेल्या थर्मलमधून, एकदम सगळी खाली. हा कागद पूर्ण व्हायलाच हवा होता. सहाव्याला शून्य. सातव्याला शून्य. वॉकीटॉकी माझ्या उजव्या कोपराशी होती. आठव्याला शून्य. खाली उतारावर एक कोतवाल पक्षी मघापासून ओरडत होता, तो गप्प झाला. नवव्याला शून्य. मग डोक्याच्या मागून गवताचा आवाज आला, धारेकडून. माझ्या केसांच्या मुळाशी थंड हवा शिरली आणि ओल्या मातीचा वास आला.

त्या क्षणी मला कळलं. शपथेवर सांगते, तेव्हाच कळलं. आणि मी घड्याळाकडे नजर टाकली. शेवटची टिक वाजायला थोडे सेकंद उरले होते. मी ते पूर्ण केले. दहावं शून्य लिहिलं आणि मग वॉकीटॉकी उचलली.

"सुदामराव, उतरा. लगेच उतरा."

"उतरतोय, बाई." आवाज शांत होता. तो आधीच झगडत होता, हे मला उठून बसल्यावर दिसलं. पंखाची दोन्ही टोकं दोऱ्यांनी ओढून मिटवून तो खाली यायचा प्रयत्न करत होता, आणि वारा त्याला डोंगरापासून पश्चिमेकडे ढकलत होता. मग पंखाची उजवी बाजू आत दुमडली, रिकाम्या अभ्र्यासारखी लोंबली. त्यानं ती झटक्यानं उघडली. मी उभी राहून काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. पुन्हा दुमडली, पुन्हा उघडली. तो खूपच खाली आला होता, दोन-तीन मजल्यांवर असेल, आणि मला वाटलं, सुटला. तेवढ्यात पंख पूर्ण मिटला आणि सुदाम करवंदीच्या जाळ्यांमागे दिसेनासा झाला. वॉकीटॉकीतून नुसता वाऱ्याचा घोंघाट येत होता.

मी धावले. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. दोनदा घसरून पडले. टपोरे थेंब सुरू झाले. उताराच्या खालच्या अंगाला खुळखुळ्याची झुडपं आहेत, पिवळ्या फुलांची. त्या झुडपांवर फुलपाखरं पंख मिटून रांगेनं लटकली होती, फांदीन् फांदी भरलेली. मी त्यांच्यामधून वाट काढत गेले, आणि ती पूर्वेकडे पाठ करून, पानांच्या आडोशाला बसली आहेत, हेही माझ्या लक्षात आलं. असल्या वेळी लक्षात आलं, ही माझी जात.

शोभा माझ्याआधी पोचली होती. सुदाम एका बांधाच्या दगडांवर पडला होता. शुद्धीवर होता. डावा पाय मांडीपासून नको त्या बाजूला वळला होता. मला बघून म्हणाला, "बाई, पंखा फाटला का वो?" शोभानं त्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, वारं कवा फिरलं?"

"एकदम," मी म्हटलं. "एकदम फिरलं, शोभाताई."

एवढंच. जवळजवळ सहा वर्षं मी ते वाक्य सांभाळलं.

माझं सामान वरून घेऊन आलेल्या गावातल्या दोघांनी त्याला उचलून पिकअपच्या मागे माझ्या सतरंजीवर ठेवलं. शोभा गाडी चालवत होती, मी मागे त्याचा हात धरून बसले होते. घाटातून शहरात शिरेपर्यंत जो ट्रॅफिक लागला त्याबद्दल काय लिहायचं, पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला तो दातांवर दात दाबायचा आणि माझी बोटं आवळायचा. माझ्या पिशवीत तो कागद होता. चौदा, सोळा, नऊ, तीन आणि पुढे सहा शून्यं. ज्याला वाचता येतं त्याला त्यात स्वच्छ दिसत होतं की बाई सहा मिनिटं रिकामं आकाश बघत पडून होत्या.

पायात सळई बसली, तीन शस्त्रक्रिया झाल्या. सुदाम वाचला, लंगडत का होईना चालायला लागला. सर दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात आले, सुदामची मनापासून चौकशी केली, शोभाला धीर दिला. मग बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "कागद आहे?" मी दिला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता फाडतील. फाडला असता तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पूर्ण आहे."

त्यानंतर सर जिथे जिथे व्याख्यान द्यायला गेले तिथे तो कागद पडद्यावर दाखवायचे. वारा पोचण्याच्या सहा मिनिटं आधी, भर उन्हात, फुलपाखरं खाली उतरली. त्यांना आधी कळतं. कसं कळतं हे माहीत नाही, पण कळतं, त्याचा हा पुरावा. आणि मग सर म्हणायचे, "आमच्या निरीक्षकांनी शेवटपर्यंत जागा सोडली नाही." लोक टाळ्या वाजवायचे. मी तिसऱ्या रांगेत बसलेली असायचे. उभं राहून नमस्कार करावा लागायचा, तो मी केला. माझ्या सगळ्या नोकरीतलं सर्वांत मोलाचं काम तेच, आणि ते कागदावर माझ्याच अक्षरात होतं. सरांना बाकीचं कळलं असेल का, असं मी स्वतःला विचारते. ते हुशार होते. कळलं असणार. सर आता नाहीत.

यंदा गणपती उठले त्या आठवड्यात सुदामचा फोन आला. "बाई, या की घरी. काम हाय." गेले. कोंडे आता त्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहतात. शोभाताई आसपासच्या कंपन्यांमधल्या मुलामुलींना जेवणाचे डबे देतात. सहा वर्षं घर त्यांनीच ओढलंय. त्या हॉलमध्ये खाली बसून लसूण सोलत होत्या. सुदाम खुर्चीत, पाय लांब केलेला. दाराशी नवी कोरी मोठी पिशवी, पाठीवर घ्यायच्या पट्ट्यांची. ती कसली ते मी लगेच ओळखलं.

"डॉक्टर हो म्हनला," सुदाम म्हणाला. "ऑक्टोबरात एकदा जायचं. एकदाच. पण खाली तुम्हीच पायजे, बाई. दुसऱ्या कुनाचं मी ऐकनार न्हाई."

"सांगा त्याला काहीतरी," शोभाताई मान वर न करता म्हणाल्या. "माझं तर ऐकतच न्हाई. वारं एकदम फिरतं म्हनलं, आपल्या हातात नसतं म्हनलं, तरी ह्याचं आपलं चालूच."

एकदम. माझाच शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मला बसवेना. मी सांगितलं. मनात सहा वर्षं जुळवलेलं बोलणं होतं, ते एकही वाक्य आठवलं नाही. चौथ्या मिनिटाला उतरताना दिसली, पाचव्यापासून एकही नव्हतं, मला शंका यायला हवी होती, शेवटी तर मला पुरतं कळलं होतं आणि तरी मी मोजणी संपवली, मग तुम्हाला हाक मारली. "एकदम फिरलं नव्हतं, शोभाताई," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

शोभाताईंचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते की त्या मला घालवून देतील. त्यांनी तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

सुदाम हसला. अगदी मोकळं, पांढरे दात दाखवत. "आवो बाई, येवढ्याचं ओझं घेऊन बसलाय व्हय? मला बी दिसली की. माझ्या म्होरून गेली सगळी खाली. झुंडीच्या झुंडी, सरळ खाली. असं कदी बघितलंच नव्हतं. मला बी वाटलं, कायतरी हाय, उतरावं. पर म्हनलं, येवढी घेतो मोजून." त्यानं अंगठा बोटावर दाबून दाखवला, बटण असायचं तिथे. "मी बी मोजीतच हुतो."

मला त्या क्षणी हलकं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण पुढचं कळायला ते लागेल. सहा वर्षांचं ओझं कोणीतरी दुसऱ्या बाजूनं उचललं, असं वाटलं, आणि मीही हसले. दोघंही एकाच पंथाचे, एकमेकांना पकडल्यासारखे हसत होतो.

"किती हुती?" शोभाताईंनी विचारलं.

त्यांचा आवाज अगदी साधा होता. भाजी किती आणू, असं विचारावं तसा. सुदाम क्षणभरही थांबला नाही.

"एकशे बेचाळीस," तो म्हणाला. अभिमानानं म्हणाला.

शोभाताई उठल्या. मांडीवरची लसणाची सालं तशीच फरशीवर पडली. त्या आत गेल्या आणि आतून दार लावून घेतलं. जोरात नाही, नुसतं लावलं. सुदामनं दोनदा हाक मारली, "शोभे, अगं." मी माझी पर्स उचलली.

"मग ऑक्टोबरचं?" सुदामनं हळूच विचारलं.

"मी येणार नाही, सुदामराव," मी म्हटलं. "आणि तुम्हीही जायचं नाही. उतरा म्हटलं की उतरायचं, हा करार आहे आपला. मी आत्ता सांगतेय." तो खाली बघत राहिला. मी सालं गोळा करून टेबलावर ठेवली आणि निघाले. जाताना आतल्या दाराशी उभी राहून "शोभाताई, येते मी," म्हटलं. आत नळ चालू होता, तो बंद झाला नाही.

खाली बस लगेच मिळाली. खिडकीशी जागा मिळाली, तिकीट काढलं, घाटाच्या बाजूला ढग जमत होते तिकडे बघत बसले. शोभाताईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. स्वारगेट यायच्या आत मी पर्समधून पेन काढलं आणि तिकिटाच्या पाठीवर लिहिलं: एकशे बेचाळीस, सरळ खाली, वरून पाहिलेली. माझ्या कागदावर फक्त खालून दिसलेली होती, हा आकडा आमच्या नोंदीत नव्हता. तारीखही घातली. लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, मी काय करत होते ते. तिकीट तिथल्या तिथे फाडायला हवं होतं. फाडलं नाही. वहीत ठेवलंय.